या वेळी कुणी न्यायला लागणार नाही

फिलाडेल्फिया,
रविवार दुपार

तीर्थरूप आई-बाबा,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर इकडे यायचा विषय काढला की बाबा "बघू" म्हणतात आणि आई लगेच सईच्या अभ्यासाचं विचारते. म्हणून पत्र लिहितोय. पत्र मध्येच तोडता येत नाही.

शहरात राहायला येऊन आम्हाला सव्वा वर्ष झालं. व्हिडिओ कॉलवर तुम्ही घर बघितलंय, पण तिथे आतलंच दिसतं. मला सांगायचंय ते दाराबाहेरचं.

बाबा, गेल्या खेपेला निघताना विमानतळावर तुम्ही म्हणाला होतात, "घर छान आहे रे तुझं, पण दाराबाहेर काहीच नाही." मला राग आला होता. चार बेडरूम, मागे हिरवळ, दारात दोन गाड्या, आणि वर हे ऐकायचं! परत येताना गाडीत मी मुक्तासमोर कुरकुर करत होतो. ती म्हणाली, "खोटं काय आहे त्यात?" मी रेडिओ लावला.

खोटं काहीच नव्हतं. दूध आणतो म्हणून तुम्ही एकटे निघाला होतात, आठवतं? दुकान दीड मैलावर, रस्त्याला फूटपाथ नाही, आणि छत्री घेऊन कडेकडेने चालणारा म्हातारा माणूस बघून पोलिसाने गाडी थांबवली. हरवलेत की काय, असं त्या बिचाऱ्याला वाटलं. त्याने अदबीने घरी आणून सोडलं. तो किस्सा तुम्ही आम्हाला खूप रंगवून सांगितलात, आणि त्यानंतरच्या चार महिन्यांत एकट्याने उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं नाहीत. पत्र्या मारुतीपासून लकडी पुलापर्यंत जाऊन येईतो पंधरा जणांशी बोलणारा माणूस आमच्याकडे खिडकीशी बसून आम्ही कामावरून कधी येतो याची वाट बघायचा. आई निदान स्वयंपाकात रमायची. हे मला तेव्हा दिसत होतं. दिसत नव्हतं असं नाही.

तर आता दाराबाहेर काय आहे ते ऐका.

आमची गल्ली पाइन स्ट्रीटला लागून आहे. या भागाला सोसायटी हिल म्हणतात. उच्चभ्रू सोसायटी वगैरे काही नाही, सतराव्या शतकात इथे व्यापाऱ्यांच्या एका कंपनीची जमीन होती, तिच्या नावातली 'सोसायटी' उरली. विल्यम पेन नावाच्या माणसाने १६८२ मध्ये हे शहर पाटीवर रेघा ओढाव्यात तसं आखलं. उत्तर-दक्षिण रस्त्यांना नुसते आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना झाडांची नावं: चेस्टनट, वॉलनट, स्प्रूस, पाइन. आपल्या पेठांना वार, इथल्या रस्त्यांना झाडं. बाबा, इथे तुम्ही हरवणार नाही. आकडे कमी होत गेले की नदीकडे चाललोय, वाढत गेले की उलटीकडे, एवढं लक्षात ठेवलं की पुरे. सई आठ वर्षांची आहे, तीसुद्धा चुकत नाही.

घरं लाल विटांची, एकाला एक चिकटलेली, बरीचशी दोनशे वर्षांपलीकडची. दारापुढे दोन-तीन संगमरवरी पायऱ्या, आणि पायरीच्या कडेला जोडे खरवडायची लोखंडी पट्टी, चिखलाच्या रस्त्यांच्या काळातली. संध्याकाळी लोक या पायऱ्यांवर चहा-कॉफी घेऊन बसतात. आपल्या ओट्यावर बसायचे तसंच, फक्त पाय पसरायला जागा कमी.

आता बाबा, खास तुमच्यासाठी. आयुष्यभर विमा कंपनीत टेबल सांभाळलंत ना? इथे कितीतरी घरांच्या दर्शनी भिंतीवर, पहिल्या मजल्याच्या खिडकीपाशी, ताटलीएवढी एक खूण ठोकलेली असते. चार हात, प्रत्येकाने दुसऱ्याचं मनगट धरलेलं. ही आगीच्या विम्याची खूण. बेंजामिन फ्रँकलिनने मंडळी जमवून १७५२ मध्ये ती कंपनी काढली, आणि ती अजून चालू आहे. फोर्थ स्ट्रीटवर तिची इमारत आहे, आमच्यापासून तीन मिनिटं. पुढे या कंपनीने ठरवलं की दारात झाड असलेल्या घराचा विमा उतरवायचा नाही, कारण आग विझवताना झाड आड येतं. झाडवाल्यांनी काय केलं असेल? १७८४ मध्ये स्वतःची वेगळी कंपनी काढली आणि खूण ठेवली हिरव्या झाडाची! रस्त्यातून जाताना सई आणि मी मोजतो, हात किती, झाडं किती. तुम्ही आलात की हा हिशेब तुमच्याकडे.

आणखी एक. जिथे अमेरिकेचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला तो इंडिपेंडन्स हॉल आमच्या घरापासून आठ मिनिटांवर आहे. तुमच्या चालीने बारा धरा. त्याचं बांधकाम सुरू झालं १७३२ मध्ये. आकडा ओळखीचा वाटतोय ना? शनिवारवाड्याची वास्तुशांत त्याच वर्षीची. मला हे इथे पाटी वाचताना लक्षात आलं आणि मी तिथेच उभा राहून हसलो. आपला वाडा १८२८ च्या आगीत गेला, दरवाजे आणि जोती उरली. यांची इमारत घड्याळाच्या मनोऱ्यासकट उभी आहे. समोरच ती प्रसिद्ध तडकलेली घंटा. घंटा बघायला तिकीट नाही, हे तुमच्यासाठी मुद्दाम लिहितोय.

पण त्या घंटेपेक्षा शेजारची जागा बघा असं मी म्हणेन. जॉर्ज वॉशिंग्टन राष्ट्राध्यक्ष असताना जिथे राहायचे, त्या घराचा पाया तिथे उकरून काढलाय. त्या घरात त्यांनी नऊ गुलाम ठेवले होते, त्यांची नावं दगडात कोरली आहेत. इथला कायदा असा होता की बाहेरून आणलेला गुलाम सहा महिने सलग राहिला तर तो मोकळा होऊ शकतो. म्हणून सहा महिने भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर फिरवून आणायचे. त्यांतली ओना जज नावाची तरुण मुलगी १७९६ मध्ये मंडळी जेवायला बसलेली असताना निघून गेली, ती परत कधी सापडली नाही. म्हणजे पत्ता लागला, पण ती आली नाही. सईला ही गोष्ट पाठ आहे. येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ती घंटेआधी इथे आणते.

आई, तुला वाटेल बाप-लेकाचंच चाललंय. तुझ्यासाठी नाइन्थ स्ट्रीटवरची मंडई आहे. इटालियन मार्केट म्हणतात. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली भाज्या रचलेल्या, थंडीत पिंपात लाकडं पेटवून विक्रेते हात शेकत उभे. आणि गंमत म्हणजे पुढे मांडलेल्या मालाला हात लावू देत नाहीत! चांगले टोमॅटो पुढे रचायचे आणि पिशवीत मागचे भरायचे, ही कला इथेही आहे. पहिल्या दिवशी मी गुपचूप पैसे देऊन आलो. मुक्ताने परत जाऊन बदलून आणले. तू असतीस तर तिसऱ्या दिवशी त्याने तुला स्वतःहून कोथिंबिरीची जुडी वर टाकली असती. तिथून थोडं पुढे व्हिएतनामी लोकांची दुकानं आहेत, त्यांच्याकडे केळफूल मिळतं. गेल्या महिन्यात आणलं होतं. बोटांना तेल लावायचं विसरलो, दोन दिवस हात काळे घेऊन ऑफिसात गेलो. भाजी ठीक झाली होती. तुझ्यासारखी नव्हती, हे लिहायला नकोच.

शिवाय तुझ्या माहेरचं एक माणूस इथे राहून गेलंय. कल्याणच्या जोश्यांची यमू, म्हणजे आनंदीबाई. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या ते याच शहरातल्या बायकांच्या वैद्यकीय कॉलेजातून. कॉलेज आमच्या भागात नव्हतं, पार उत्तरेला होतं, पण त्यांचा तो फोटो, नऊवारीतल्या आनंदीबाई, शेजारी जपानची एक आणि सीरियाची एक विद्यार्थिनी, इथल्याच संग्रहात आहे. पदवीदान समारंभाला पंडिता रमाबाई आल्या होत्या. मार्चमध्ये पदवी मिळाली आणि पुढच्या फेब्रुवारीत पुण्यात गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. जानेवारीत रात्री नदीवरून वारा सुटतो तेव्हा मला कधीकधी त्यांची आठवण येते. आमच्याकडे हीटर आहे.

कला संग्रहालय चालण्याच्या अंतरात नाही, बसने जावं लागतं. पण तिथे मदुराईच्या एका देवळाचा अख्खा मंडप दगडी खांबांसकट उभा केलाय. आई त्या खांबांपाशी हात जोडेल आणि बाबा म्हणतील, "हे इथे कसं आलं?" महिन्याच्या पहिल्या रविवारी तिथे जमेल तेवढे पैसे द्यायचे असतात, तेव्हाच जाऊ.

आता वाईट बाजूही सांगतो, नाहीतर नंतर म्हणाल, लपवलं.

घर जेमतेम चौदा फूट रुंद आहे. भाडं मात्र त्या मोठ्या घराच्या हप्त्याएवढं. आपला सोफा जिन्यातून वर जाईना, शेवटी खिडकी काढून दोराने ओढून घेतला, अख्खी गल्ली बघायला जमली. एक गाडी विकून टाकली. दुसरी लावायला जागा शोधताना रोज देव आठवतात, आणि वर्षभरात पाच दंड भरलेत. शनिवारी रात्री जवळच्या साउथ स्ट्रीटवरून आरडाओरडा येतो. पायरीवर ठेवलेलं पार्सल दोनदा चोरीला गेलं. विटांचे फूटपाथ झाडांच्या मुळांनी उचलले गेलेत, पाय बघून टाकावा लागतो.

आणि एक गोष्ट मी तुम्हाला सांगितली नव्हती. जानेवारीत दारातल्या पायरीवर बर्फावरून घसरलो. मनगट मुरगळलं. व्हिडिओवर मी तीन आठवडे डावा हात टेबलाखाली ठेवत होतो. आता बरा आहे, काळजी करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर पायऱ्यांवर कुणीतरी मीठ पसरून ठेवलेलं. शेजारच्या आजी. ऐंशीच्या पुढच्या आहेत, एकट्या राहतात, रोज स्वतःच्या दारापुढच्या विटा झाडतात. त्या दिवसापासून बर्फाचा अंदाज असला की त्या आमच्याही पायऱ्यांवर मीठ टाकतात, आणि मी त्यांचा कचऱ्याचा डबा बाहेर काढतो. जुन्या घरी सहा वर्षं राहिलो, शेजाऱ्याचं नाव मला टपालाच्या पेटीवरून माहीत होतं.

या आजींनी सांगितलेलं एक बाबांना सांगायचंय. नदीच्या बाजूला जिथे आता तीन उंच मनोरे आहेत, तिथे पूर्वी घाऊक भाजीबाजार होता. १९५९ मध्ये तो शहराबाहेरच्या बाजूला हलवला, आपल्याकडे गुलटेकडीला नेला तसा. मग पडकी घरं दुरुस्त झाली, किमती चढल्या, आणि इथे पिढ्यानपिढ्या भाड्याने राहणारे लोक, त्यांत काळे पुष्कळ, बाहेर पडले. लाल विटांची घरं राहिली, त्यांतली माणसं बदलली. पेठेत वाडे पाडून इमारती झाल्या, इथे इमारती राखून तेच झालं. आम्हीही त्या बदललेल्यांपैकीच. यावर तुमच्याशी भांडायला मला आवडेल, पायरीवर बसून.

आईच्या गुडघ्यांचं मी विसरलेलो नाही. खालच्या मजल्यावर बाथरूम नाही, हीच मोठी अडचण आहे. म्हणून मधल्या मजल्यावरची माझी कामाची खोली तुम्हा दोघांची केली आहे, बाथरूम तिला लागून. घरमालकाला सांगून जिन्याला दोन्ही बाजूंनी कठडा बसवून घेतला. पायऱ्या तेरा. सकाळी उतरायच्या, रात्री चढायच्या. दुपारी पडायला खाली पलंग टाकलाय. आपल्या माळ्याच्या जिन्यापेक्षा हा बरा आहे, तरी डॉक्टरांना एकदा विचारून घे. ते नको म्हणाले तर खरं सांग, "सईची परीक्षा झाली का" असं विचारू नकोस.

सप्टेंबरच्या शेवटी या. उकाडा सरलेला असतो, बर्फाला अवकाश असतो. आईने टाचेला चांगली पकड असलेल्या चपला आणाव्यात, विटांवर त्या गुळगुळीत सँडल चालणार नाहीत. बाबांनी छत्री आणावी, तीच. इथे ती घेऊन कितीही चाललात तरी कुणी गाडी थांबवणार नाही.

त्या घरी गॅरेजचं दार रिमोटने उघडायचं, आणि तुम्हाला किल्ली द्यायचं आमच्या कधी डोक्यातच आलं नाही. या घराला साधी पितळी किल्ली आहे. काल बाबांसाठी तिसरी करून आणली, दारामागच्या खिळ्याला लावून ठेवली आहे.

मुक्ताचा आणि सईचा नमस्कार.

तुमचा,
निखिल

ता. क. गोडा मसाला एक किलो पुरे. गेल्या वेळेसारखं तीन किलो आणून विमानतळावर कस्टमवाल्यांना कृती समजावत बसू नकोस, आई.