टीप वाढप्याची, मालकाची नव्हे

महोदय,

बिलात सेवाशुल्क सक्तीने लावता येणार नाही, हा दिल्ली उच्च न्यायालयाचा 28 मार्च 2025 चा निकाल योग्यच आहे. पण त्यावरची चर्चा ग्राहकाच्या खिशाभोवतीच फिरली. ग्लास आणून देणाऱ्याचं काय?

म्हापशात आमचा सहा टेबलांचा बार आहे. मार्च-एप्रिलमध्ये हुर्राक (काजूबोंडांच्या रसाची पहिल्या धारेची दारू), लिंबू, सोडा आणि चिरलेली हिरवी मिरची; एरवी कोकम घालून काजूफेणी. निवृत्त मास्तर, रिक्षावाले, कंप्युटरवर काम करणाऱ्या मुली शेजारीशेजारी बसतात. कुणाला मीठ कमी, कुणाला बर्फ नको, हे वाढप्याला पाठ असतं. लोक त्याच्यासाठी येतात, माझ्यासाठी नव्हे.

तरुणपणी मीही वाढपी होतो. ग्लास फुटला की पगारातून पैसे कापत, टीप मालकाच्या गल्ल्यात जाई आणि झोपायला टेबलंच. तो अपमान अजून विसरलेलो नाही. म्हणून आमच्याकडे टीप डब्यात पडते आणि रात्री सर्वांसमोर मोजून भांडी घासणाऱ्यापर्यंत सारखी वाटली जाते. आठवड्याची सुट्टी भरपगारी. उशीर झाला तर कामावरच्या मुलींना घरापर्यंत सोडतो. नफा थोडा घटतो, हे खरं. पण दोघेजण नऊ वर्षं टिकून आहेत.

अबकारी खातं परवाना आणि साठा तपासायला येतं. कामगार खात्यानेही कधी रात्री अकराला येऊन बारचा हजेरीपट पाहावा, ही विनंती.

– एक बारमालक, म्हापसा