यादी म्हणजे नुसती ठिपक्यांची मोजदाद नव्हे

रविवारच्या पुरवणीत रेडिओ दुर्बिणींवरचा लेख वाचला, छान आहे, पण त्यात मंद रेडिओ स्रोतांच्या, म्हणजे आकाशातून क्षीण रेडिओ लहरी पाठवणाऱ्या वस्तूंच्या, कॅटलॉगला (यादीला) ‘ठिपक्यांची मोजदाद’ म्हटलंय ते अजिबात पटलं नाही. केंब्रिजचा तिसरा कॅटलॉग १९५९ साली आला, ४७१ स्रोतांचा, त्यातला २७३ नंबरचा स्रोत कित्येकांसाठी नुसता एक आकडाच होता आणि १९६३ मध्ये खगोलशास्त्रज्ञ मार्टेन श्मिट यांनी त्याचा वर्णपट उलगडला तेव्हा कळलं की ताऱ्यासारखा दिसणारा हा ठिपका दोनशे कोटी प्रकाशवर्षांहून लांब आहे. क्वेसार, म्हणजे ताऱ्यासारखे दिसणारे पण अतिदूरच्या दीर्घिकांचे प्रखर गाभे, ओळखू आले ते असे. यादीच नसती तर बघायचं कुठे?

आणि मंद स्रोत टिपणं काही सोपं नाही हो. मी असे नकाशे स्क्रीनवर मोठे करून पाहिलेत, सगळीकडे दाणेदार गोंगाट (नकोशा संकेतांचे ठिपके), एखाद्या प्रखर स्रोताभोवती खोटी वलयं, त्यातला कुठला ठिपका खरा हे ठरवायला तो आजूबाजूच्या गोंगाटाच्या साधारण पाचपट तरी असावा लागतो. आपल्या पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने १५० मेगाहर्ट्झवर जवळपास ९० टक्के आकाश पाहून सहा लाखांवर स्रोत नोंदवलेत, त्यावर पुरवणीत एक स्वतंत्र लेख नक्की यावा.

– एक आकाशप्रेमी वाचक