ऊसबिल हाती आल्यावर

महोदय,

उसाचे बिल खात्यावर जमा झाले की आमच्या वाळवा तालुक्यात आधी मोटारसायकल बदलली जाते आणि उरलेच तर शिल्लक टाकली जाते, हा क्रम मला मनापासून खटकतो. माझी आई दूधबिलातून आधी पोस्टात पैसे भरी, मगच किराणा आणी. तिच्या पासबुकाच्या कडा हळदीच्या बोटांनी पिवळ्या झाल्या होत्या. दरमहा ५०० रुपये ७ टक्के चक्रवाढीने भरले, तर २० वर्षांत १ लाख २० हजारांचे सुमारे २ लाख ६० हजार होतात. मात्र पहिल्या १० वर्षांत व्याज जेमतेम साडेसव्वीस हजार दिसते आणि नेमके तेव्हाच लग्नकार्यासाठी खाते मोडले जाते. कारखान्यांनी सभासदांच्या संमतीने बिलातूनच आवर्त ठेवीची सोय करावी.

— एक ऊस उत्पादक, जि. सांगली