चेकसम जुळवून देणाऱ्या मित्रास

सप्रेम नमस्कार,

जावा, पायथन आणि जावास्क्रिप्टमध्ये एकाच मजकुराचा सीआरसी-३२ (मजकुराच्या बाइटांवरून काढलेला ३२ बिटांचा पडताळणीचा आकडा, म्हणजेच चेकसम) वेगवेगळा का येतो, या आमच्या प्रश्नावर ओळखदेख नसताना तुम्ही सविस्तर लिहिलंत. मनापासून आभार. तुमची तपासायची रीत इतरांनाही मिळावी, म्हणून हे पत्र सर्वांसाठी खुलं ठेवलं आहे.

सगळ्यांत मोलाची होती तुमची पहिली सूचना: कोडला हात लावण्याआधी १ ते ९ या नऊ आस्की (साध्या इंग्रजी) अंकांच्या स्ट्रिंगचा, म्हणजे सलग मजकुराचा, चेकसम काढा. हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) सीबीएफ४३९२६ यायला हवा. ई३०६९२८३ आला, तर लायब्ररी सीआरसी-३२सी हा त्याचा वेगळा प्रकार काढते आहे. तिथे पॉलिनॉमियलच (ज्याने भागून चेकसम काढतात ती बहुपदी) निराळा, त्यामुळे पुढची सगळी खटपट वाया जाते.

दशांशात ३४२१७८०२६२ ऐवजी -८७३१८७०३४ दिसलं, तर घाबरायचं कारण नाही. ३२ बिट तेच आहेत, फक्त चिन्ह धरलं गेलंय. जावास्क्रिप्टमध्ये शेवटी '>>> ०' लावलं की काम झालं. जावात टेबल (आधीच काढलेल्या किमतींचा तक्ता) वापरून हाताने लिहिलेल्या कोडमध्ये बिट सरकवताना चिन्ह ओढलं जाऊ नये म्हणून '>>' च्या जागी '>>>' हवं. हेक्स छापताना आठ अंक पुरे करायचे, नाहीतर सुरुवातीची शून्यं गळतात आणि स्ट्रिंग म्हणून केलेली तुलना फसते.

एवढं करूनही मराठी मजकूर जुळत नसेल, तर गणित सोडून बाइट बघा, हे तुम्ही ठासून सांगितलंत आणि खरी मेख तिथेच असते. अक्षरं बाइटांत मांडायच्या पद्धती, म्हणजे एन्कोडिंग, अनेक आहेत: 'म' यूटीएफ-८ मध्ये तीन बाइटांचा (ई०, ए४, एई), यूटीएफ-१६ मध्ये दोनच. जावा १८ च्या आधी एन्कोडिंग न सांगता बाइट मागितले, तर ते यंत्राच्या सेटिंगवर ठरायचं. म्हणून यूटीएफ-८ दर वेळी स्पष्ट लिहावं. 'ऱ' तर दोन तऱ्हांनी साठवता येतो: एकच कोडपॉइंट (युनिकोडमधला क्रमांक), किंवा 'र' आणि नुक्ता. पडद्यावर फरक दिसत नाही, चेकसम मात्र बदलतो. आधी एनएफसी (अशी जोडरूपं एका ठरलेल्या रूपात आणायची युनिकोडची रीत) करून घेतलं की दोन्ही एक होतात. फाइलच्या सुरुवातीचा तीन बाइटांचा बीओएम (एन्कोडिंग सांगणारी न दिसणारी खूण) आणि टर्मिनलवर 'एको' या आज्ञेने शेवटी जोडलेली नवी ओळ, हेही तुम्ही विसरला नाहीत.

तुम्ही सुचवलेली इनपुटं आता तिन्ही भाषांच्या चाचण्यांत आहेत: रिकामी स्ट्रिंग (उत्तर ०), ते नऊ अंक, 'म', आणि दोन्ही तऱ्हांचा 'ऱ'.

कळावे, लोभ असावा.