पाकीट दुकानात आहे, पुढे काय?

ढाका, एप्रिल

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

आई, परवा फोनवर तू म्हणालीस, "जलसंजीवनीचं पाकीट कुठल्याही मेडिकलात मिळतं, त्यावर अजून संशोधन कसलं?" आणि बाबांनी विचारलं, "आरोग्यसेवा पोहोचली की नाही हे मोजता म्हणजे नक्की काय मोजता?" दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकच आहे, पण ते फोनवर मावणारं नव्हतं.

जलसंजीवनीचं, म्हणजे जुलाबात पाण्यात कालवून पाजायच्या मीठ-साखरेच्या ओआरएस पावडरचं, पाकीट दुकानात असणं ही फक्त पहिली पायरी. डॉक्टरने किंवा दुकानदाराने ते सुचवायला हवं, आईने घ्यायला हवं, बरोबर मापाच्या पाण्यात कालवायला हवं, पोराला थोडं थोडं पाजत राहायला हवं आणि जुलाब सुरू असतानाही त्यावर विश्वास ठेवायला हवा. यातली एक पायरी निसटली की पुढचं सगळं वाया. जगात पाच वर्षांखालची चार लाखांहून जास्त मुलं अजूनही दरवर्षी जुलाबाने दगावतात, आणि जुलाब झालेल्या निम्म्याहून कमी मुलांना हे पाणी मिळतं. एवढं स्वस्त औषध अडतं कुठे, ते पायरी-पायरीने शोधणं हे आमचं काम.

बाबा, यामागचं शास्त्र तुम्हाला आवडेल. आतड्याच्या पेशींमध्ये एक वाहक असतो. तो मिठातलं सोडियम आणि ग्लुकोज नावाची साखर जोडीनेच आत घेतो, आणि त्यांच्या मागोमाग पाणी शिरतं. कॉलऱ्यात बाकी सगळं बिघडलं तरी हा वाहक शाबूत राहतो. म्हणून नुसतं पाणी किंवा नुसतं मीठपाणी उपयोगाचं नाही, आणि साखर जास्त झाली तर उलट आतड्यातच पाणी ओढलं जातं. १९६८ मध्ये इथेच, ढाक्याच्या कॉलरा संशोधन प्रयोगशाळेत, डेव्हिड नेलिन आणि रिचर्ड कॅश यांनी दाखवलं की कॉलऱ्याच्या मोठ्या माणसांना असं पाणी पाजलं तर सलाईनची गरज जवळपास ८० टक्क्यांनी घटते.

तरी डॉक्टर मंडळींना ते पटेना. पटायला सुरुवात झाली १९७१ मध्ये, तेही नाइलाजाने. बांगलादेश युद्धातले निर्वासित पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावण्यांत आले, कॉलरा पसरला आणि सलाईनच्या बाटल्या संपत आल्या. डॉ. दिलीप महालनबीस यांनी लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, ३.५ ग्रॅम मीठ आणि २.५ ग्रॅम खाण्याचा सोडा अशी पाकिटं कलकत्त्यात भरून घेतली, ड्रममध्ये पाणी कालवलं आणि पाजायचं काम सरळ नातेवाइकांवर सोपवलं. आधी मृत्यू ३० टक्क्यांच्या आसपास होते. त्यांच्या देखरेखीखालच्या सुमारे ३,७०० रुग्णांत ते ३.६ टक्के राहिले. माझ्या मते औषधाइतकंच महत्त्वाचं होतं ते पाजणाऱ्याचं बदलणं. प्रशिक्षित नर्सच्या हातातली सुई गेली आणि आईच्या हातात पेला आला. (त्यांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. आपल्याकडची नेहमीची घाई!)

यानंतरची गोष्ट मला जास्त शिकण्यासारखी वाटते. १९८० मध्ये बांगलादेशातल्या ब्रॅक या संस्थेने पाकिटांची वाट न बघता घरातल्या मिठागुळाचं पाणी शिकवायला सुरुवात केली: तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. कार्यकर्त्या घरोघर जाऊन बाईच्याच हाताने पाणी करून घेत. पगाराची पद्धत तर अफलातून होती. काही आठवड्यांनी वेगळा तपासनीस येऊन त्यातल्या काही बायकांना शिकवलेले मुद्दे विचारी, आणि बाईला किती आठवतं त्यावर कार्यकर्तीचे पैसे ठरत. किती घरं केली यावर पैसे दिले असते तर वह्या भरल्या असत्या, डोकी रिकामीच राहिली असती. दहा वर्षांत सव्वा कोटीच्या आसपास घरं झाली.

तरीही सुरुवातीला गोची झाली. बायकांना कृती पाठ, पण वापर अगदी थोडा. शोधल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांचाच विश्वास नव्हता. स्वतःला जुलाब झाले की त्या गोळ्या घेत. दुसरं म्हणजे घरातले पुरुष आणि गावातले वैदू यांना कुणी विचारलंच नव्हतं. मग कार्यकर्त्यांना शास्त्र नीट समजावलं, पुरुषांच्या बैठका घेतल्या, आणि वापर वाढला. आज बांगलादेशात जुलाब झालेल्या साधारण तीन-चतुर्थांश मुलांना पाकिटातलं पाणी मिळतं. भारतात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत हा आकडा ६०.६ टक्के होता, आणि जलसंजीवनीसोबत द्यायच्या झिंकच्या गोळ्यांचा जेमतेम ३०.५.

आता बाबांचा मोजण्याचा प्रश्न. पाहणीत आईला विचारतात, "गेल्या दोन आठवड्यांत मुलाला जुलाब झाले का? काय दिलं?" दोनच आठवडे, कारण त्यामागचं लोक विसरतात. विचारताना पाकीट हातात धरून दाखवावं लागतं, नाहीतर ग्लुकोजची पावडरसुद्धा 'हो'मध्ये जाते. पण 'दिलं' म्हणजे किती? एक घोट पाजला तरी उत्तर 'हो'. म्हणून नुसत्या उत्तरावर न थांबता पाणी समोर करून दाखवायला सांगावं, मोजपात्रात ओतून बघावं आणि नमुन्यातलं सोडियम तपासावं. खरी गंमत तिथे कळते. बांगलादेशातलं नेहमीचं पाकीट अर्ध्या लिटरचं असतं, आपल्याकडचं मोठं एक लिटरचं. एक लिटरचं पाकीट एका २०० मिलीच्या पेल्यात ओतलं तर सोडियम पाचपट होतं: लिटरला ७५ ऐवजी ३७५ मिलिमोल. लहान मुलाला त्याने झटके येऊ शकतात. उलट 'पोराला कडक होईल' म्हणून चिमूट-चिमूट पावडर घातली तर ते नुसतं पाणी.

डॉक्टर आणि दुकानदार काय करतात हे त्यांना विचारून कळत नाही, कारण बरोबर उत्तर सगळ्यांना पाठ असतं. म्हणून प्रशिक्षित माणूस बाप बनून जातो आणि सांगतो, "दोन वर्षांच्या पोराला जुलाब होतायत." कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ मध्यम आकाराच्या शहरांतल्या २,२८२ खासगी डॉक्टर-दुकानदारांवर असा अभ्यास झाला; २०२४ मध्ये तो प्रसिद्ध झाला. ते जलसंजीवनी का देत नाहीत? साठा संपलेला असणं किंवा दुसऱ्या औषधांतला नफा, ही कारणं आपल्याला आधी सुचतात. ती निघाली किरकोळ: अनुक्रमे ६ आणि ५ टक्के वाटा. सगळ्यात मोठा, ४२ टक्के वाटा होता तो 'गिऱ्हाइकाला हे नकोच असतं' या समजुतीचा. आणि त्या नकली बापाने स्वतःहून जलसंजीवनी मागितली की ती मिळण्याचं प्रमाण दर शंभरात २७ ने वाढलं. आई, म्हणून पुढच्या वेळी शेजारच्या बाळाला जुलाब झाले तर तिच्या आईला सांग, 'दुकानात नाव घेऊन माग.' तोच अभ्यासाने तपासलेला उपाय आहे.

तिला आणखी एक गोष्ट सांग: या पाण्याने जुलाब थांबत नाहीत. ते शरीरातलं पाणी टिकवतं; जुलाब बहुतेकदा काही दिवसांनी आपोआप थांबतात. हे न सांगितल्यामुळेच 'गुण येईना' म्हणून लोक दुसऱ्या दिवशी अँटिबायोटिक मागतात. दोन वर्षांखालच्या बाळाला दर जुलाबानंतर ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २०० मिली. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून मग दर दोन-तीन मिनिटांनी चमचाभर. अंगावरचं दूध आणि जेवण सुरूच. कालवलेलं पाणी २४ तासांनंतर फेकायचं. झिंक रोज २० मिलिग्रॅम, सहा महिन्यांखाली १०, आणि ते १० ते १४ दिवस. तिसऱ्या दिवशी पोर खेळायला लागलं की सगळे बंद करतात, तसं करायचं नाही. बाळ सुस्तावलं, पिईना, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर थेट दवाखाना.

इथे या महिन्यात गर्दीचा मोसम असतो. २०२२ च्या वसंतात इथल्या रुग्णालयात दिवसाला १,३०० वर रुग्ण आले होते, आवारात तंबू ठोकावे लागले होते. मधोमध भोक असलेली खाट आणि खाली खुणा केलेली बादली: किती गेलं ते बघायचं, तेवढं परत द्यायचं. उपचाराचा बराचसा भाग एवढाच.

आता तुमच्यासाठी. कपाटातली ती 'ओआरएस' लिहिलेली गोड खोकी टाकून द्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात तो शब्द वापरायला मनाई केली, पण जुना माल कुठेतरी असतोच. साधं पाकीट आणा. त्यावर जागतिक आरोग्य संघटनेचं सूत्र आणि किती पाण्यात कालवायचं ते लिहिलेलं असतं. बाबा, उन्हाळा आहे म्हणून ते रोज सरबतासारखं मात्र पिऊ नका. एका लिटरमधलं सोडियम साधारण ४.४ ग्रॅम मिठाइतकं होतं आणि तुम्हाला ब्लडप्रेशर आहे. तुमच्या गोळीत लघवी वाढवणारं औषधही आहे, तेव्हा दिवसात तीनदा पातळ झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून गोळी घ्यायची की थांबवायची ते विचारा. म्हातारपणी तहान उशिरा कळते, म्हणून तहानेची वाट बघू नका.

आईच्या गुडघ्याचा एक्स-रे झाला की त्याचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवा, रिपोर्टच्या कागदासकट.

तुमची,
लेक