‘गॅस बंद आहे’ असं दहाव्यांदा सांगू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओसीडी अर्थात मंत्रचळेपणावर (नको ते विचार वारंवार येणं आणि त्यांपायी त्याच त्या कृती करत राहणं) आरोग्य पुरवण्यांतून हल्ली बरंच लिहून येतं, हे चांगलंच आहे. पण सल्ले बहुधा एकाच ठशाचे असतात. विचार आला की मन दुसरीकडे वळवा, दीर्घ श्वास घ्या, मनगटावरचं रबरबँड ओढा, घरच्यांनी धीर द्यावा. साध्या काळजीत यातलं काही चालून जातं. ओसीडीत मात्र यातल्या बऱ्याच उपायांनी आजारच पोसला जातो आणि ज्या उपचाराने तो आटोक्यात येतो त्याचं नावही वाचकांच्या कानावर पडत नाही. म्हणून चिकित्सा मानसशास्त्रात काम करणारे आम्ही काही जण हे लिहीत आहोत.

एक्स्पोजर अँड रिस्पॉन्स प्रिव्हेन्शन हे त्या उपचाराचं नाव. आम्ही त्याला ईआरपी म्हणतो. लंडनमध्ये व्हिक्टर मेयर यांनी १९६६ साली दोन रुग्णांवरच्या अशा उपचाराची नोंद प्रसिद्ध केली, तिथून त्याची सुरुवात धरतात. ज्याची भीती वाटते ते ठरवून, पायरीपायरीने समोर आणायचं आणि एरवी जी कृती करून सुटका होते ती करायची नाही, एवढंच त्याचं सूत्र. धुतलं, तपासलं, मोजलं, कुणाला विचारलं की घटकाभर बरं वाटतं. पण ‘तपासलं म्हणून वाचलो’ हेच डोक्यात पक्कं होतं आणि पुढची शंका आणखी लवकर येते.

पहिल्या दोन-तीन भेटी मोजमापात जातात. ओसीडीचा त्रास किती हे मोजणाऱ्या येल-ब्राऊन मोजपट्टीत १० प्रश्न आणि ४० गुण असतात. १६ ते २३ म्हणजे मध्यम त्रास, २४ पासून पुढे तीव्र. मग कशाने किती बेचैनी होते त्याची यादी करून प्रत्येक गोष्टीला ० ते १०० मधला आकडा देतात. सुरुवात साधारण ३०-४० पासून होते. एकूण १२ ते २० सत्रं, प्रत्येक ६० ते ९० मिनिटांचं, आणि घरी रोज सराव. घरचा सराव नसेल तर दवाखान्यात कितीही बोललं तरी फारसा उपयोग होत नाही.

समजा, कुणी झोपण्यापूर्वी वीस-वीस वेळा गॅस तपासतं. पहिली पायरी अशी: चहा करायचा, शेगडीचं बटण एकदा बंद करायचं, एकदा बघायचं, स्वयंपाकघरातून बाहेर यायचं आणि परत आत जायचं नाही. पुढे घराला कुलूप लावून दहा मिनिटं खाली जायचं, नंतर तासभर बाजारात. इथे फोन ही मोठी पळवाट ठरते. निघताना बटणांचा फोटो काढायचा आणि रिक्षात बसल्यावर तो बोटांनी मोठा करकरून बघायचा, हा प्रकार सर्रास चालतो. फोटो बघणं हेही तपासणंच. त्यामुळे असा फोटो न काढता घराबाहेर पडणं ही यादीतली स्वतंत्र पायरी असते. ‘काही होणार नाही’ अशी हमी उपचारक देत नाही, द्यायचीही नसते. हमीशिवाय दिवस काढता येतो, हे रुग्णाला स्वतः अनुभवायचं असतं.

धुण्याच्या ओसीडीत लिफ्टचं बटण, जिन्याचा कठडा, चपलेचा तळ अशी यादी चढत जाते. हात लावून न धुता बसणं हा सरावाचा अर्धाच भाग. तोच हात पुढे फोनला, उशीला, कपाटातल्या घडी घातलेल्या कपड्यांना लावावा लागतो. घरात एक जरी ‘स्वच्छ’ कोपरा राखून ठेवला, तरी मन तिथे आसरा घेतं आणि केलेलं बरंचसं वाया जातं. जेवणापूर्वी आणि शौचानंतर इतरांसारखे एकदा हात धुवायला अर्थातच हरकत नाही.

ज्यांचा त्रास बाहेर दिसत नाही ते सर्वांत उशिरा येतात. देव्हाऱ्यासमोर मनात अश्लील विचार येणं, हातात सुरी असताना आपल्याच बाळाला इजा होईल असं वाटणं. असे विचार नको असताना येतात, माणसाच्या मूल्यांच्या अगदी उलट असतात, म्हणून तर ते इतके छळतात. या रुग्णांचा सराव म्हणजे बाळ पाळण्यात आणि आई त्याच खोलीत भाजी चिरते आहे. किंवा तो विचार स्वतःच्या आवाजात ध्वनिमुद्रित करून २०-३० मिनिटं ऐकायचा. घोळ होतो तो मनातल्या मनात. वाईट विचार पुसायला कुणी ‘राम राम’ मोजत असेल आणि उपचारकाने ते विचारलंच नसेल, तर यादी सगळी पार पडते आणि मोजपट्टीवरचे गुण जिथल्या तिथे राहतात. धार्मिक विषयात देवाचा अपमान करायला लावणं हा उपचार नव्हे. त्याच घरातला दुसरा भाविक जेवढं सोवळं पाळतो तेवढ्यावर यायचं, इतकंच.

आता घरच्यांविषयी. ‘अगं, गॅस बंद आहे, मी पाहिलाय’ हे वाक्य मायेचंच, पण दहाव्यांदा म्हटलं की घरचा माणूसही त्या तपासणीत सामील झालेला असतो. बाहेरून आलेल्या सगळ्यांनी रुग्णासाठी दारातच कपडे बदलणं, मुलांनी दप्तर गॅलरीत ठेवणं, हेही तेच. मात्र उद्यापासून एकदम सगळं बंद, असं करू नये. त्याने घरात फक्त भांडणं होतात. रुग्णाच्या संमतीने उपचारकासमोर वाक्य ठरवून घ्यावं: ‘हा प्रश्न ओसीडी विचारतोय, मी उत्तर देणार नाही, पण तुझ्याजवळ बसतो.’ आणि खरोखर बसावं.

उपचार फसतात ते बहुधा ठरावीक कारणांनी. सरावाच्या आधी बेचैनी दाबणारी अल्प्राझोलामची गोळी घेतली जाते, किंवा कानात गाणी लावून तो उरकला जातो. बेचैनी शिगेला असतानाच मध्येच सोडलं जातं, मग भीती उलट घट्ट होते. औषधांचंही तसंच. ओसीडीत सर्ट्रालीन, फ्लुओक्सेटीनसारख्या गोळ्यांचा डोस बऱ्याचदा नैराश्यापेक्षा जास्त लागतो आणि पुरता परिणाम कळायला ८ ते १२ आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘गुण नाही’ म्हणून सोडणारे पुष्कळ, आणि बरं वाटताच सल्ल्याशिवाय बंद करणारे त्याहून अधिक.

पॅनिकच्या, म्हणजे अचानक येणाऱ्या तीव्र भीतीच्या झटक्यांतही सूत्र हेच. छातीतल्या धडधडीची भीती असेल तर मुद्दाम जिने चढायचे, मिनिटभर भराभर श्वास घ्यायचा, अर्थात हृदयविकार आणि दमा नसल्याची डॉक्टरांकडून खात्री झाल्यावरच.

महाराष्ट्रात अडचण आहे ती वेळेची आणि पैशाची. सरकारी ओपीडीत दीड तासाचं सत्र बसवायचं कुठे? २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम २१ ने शारीरिक आजाराइतकाच विमा मानसिक आजारालाही द्यायला सांगितलं आहे. पण बहुतेक पॉलिसी रुग्णालयात भरती झाल्यावरच पैसे देतात, आणि ईआरपी तर भरती न होताच होतं. जिल्हा रुग्णालयांतल्या मानसशास्त्रज्ञांना आठवड्यातले दोन अर्धे दिवस फक्त अशा सत्रांसाठी राखून द्यावेत, ही आमची आरोग्य खात्याकडे मागणी आहे.

तोवर वाचकांनी निदान पहिल्या भेटीत तीन गोष्टी विचाराव्यात: आरसीआयचा (भारतीय पुनर्वास परिषदेचा) नोंदणी क्रमांक काय, ईआरपी करता का, आणि मोजपट्टी पुन्हा कधी भरून घेणार. गुणांत साधारण ३५ टक्के घट झाली तर उपचार लागू पडला असं धरतात. आठ-दहा सत्रांनंतरही आकडा हलला नसेल तर यादी नव्याने करायला सांगावं किंवा दुसरा उपचारक शोधावा. कुठून सुरुवात करावी हेच कळत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. तिथे मराठीतही बोलता येतं.

— चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचा एक गट, पुणे