ॲम्प ‘उडाला’ म्हणण्याआधी मीटर लावा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

होटगी रोडला माझं ऑटो इलेक्ट्रिकचं काम चालतं. गाडीत कंपनीचा टेप (म्युझिक सिस्टीम) तसाच ठेवून बाहेरून वूफर (बासचा मोठा स्पीकर) आणि ॲम्प (त्याला ताकद देणारा ॲम्प्लिफायर) बसवून घेण्याची हौस सोलापुरात चांगलीच वाढली आहे. त्यात गैर काहीच नाही. दिवसभर स्टिअरिंगवर बसणाऱ्याला चांगला आवाज हवासा वाटणारच. पण तो वूफर बंद पडला की गिऱ्हाइकाला जे उत्तर मिळतं, त्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही. ‘ॲम्प उडालाय, नवीन टाकावा लागेल.’ मीटर न लावता, एक स्क्रूसुद्धा न काढता! अशा गाड्या माझ्याकडे येतात तेव्हा बहुतेक वेळा ॲम्प ठणठणीत निघतो आणि खोट वायरिंगमध्ये सापडते.

गेल्या उन्हाळ्यातली एक गाडी सांगतो. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर अशी भाविकांची भाडी मारणारी. ॲम्प ड्रायव्हरच्या सीटखाली, वूफर डिकीत. हळू वाजवलं तर ठीक, आवाज वाढवला की वूफर बंद आणि ॲम्पवर प्रोटेक्टचा, म्हणजे ॲम्पने स्वतःला वाचवायला बंद केल्याचा, लाल दिवा. ‘मिस्त्री, ॲम्प गेलाय म्हणत्यात, नवा घ्या म्हणत्यात,’ ड्रायव्हर सांगत होता. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मीटर लावला, १४.१ व्होल्ट. तोच मीटर ॲम्पच्या टर्मिनलला लावून गाणं मोठं केलं, तर प्रत्येक ठोक्याला आकडा ११ च्या खाली. तीन व्होल्ट वाटेतच गडप! मग मीटरची एक पिन लांब वायरने बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरी ॲम्पच्या अर्थला, म्हणजे गाडीच्या बॉडीला जोडलेल्या निगेटिव्ह वायरला, धरली. तिथेच दोन व्होल्टच्या वर दिसले. चांगल्या अर्थला हा आकडा जवळजवळ शून्य हवा.

अर्थची वायर सीटच्या बोल्टखाली दाबली होती. बोल्ट काढून पाहिलं तर थिंबलखाली (वायरच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली) गाडीचा रंग जसाच्या तसा. फक्त कडेला नखाएवढा पत्रा उघडा पडलेला आणि तोही काळा झालेला. एवढ्याशा जागेतून ॲम्पचा सगळा करंट परत जाणार कसा? खालून पेट्रोलची नळी जात नाही हे बघून शेजारीच जागा धरली, पॉलिश पेपरने रंग उतरवून पत्रा पांढरा केला, नवीन थिंबल दाबलं, दातांचा वॉशर घालून बोल्ट आवळला, वरून ग्रीस. त्यानंतर आकडा १३.५ च्या खाली आला नाही आणि दिवाही लागला नाही. त्याच ॲम्पवर ती गाडी आजही वाजते आहे.

पण त्या गाडीत खरी भीती मला दुसऱ्याच गोष्टीची वाटली. बॅटरीवरून निघालेली मेन वायर सरळ आत गेली होती, मध्ये फ्यूज नव्हता. इंजिन आणि केबिन यांच्यामधल्या पत्र्याला भोक पाडून ती आत घेतली होती, त्या भोकाला रबरी ग्रोमेट नव्हतं. पत्र्याची धार लाल आवरणात रुतून तांबं दिसायला लागलं होतं. ते पत्र्याला टेकलं असतं तर? शॉर्ट झालेल्या वायरीत गाडीची बॅटरी शेकडो अँपिअर ओतते. वायर काही क्षणांत तापून लाल होते, आणि ती गेलेली असते मॅटखालून, सीटच्या फोमखालून. आत माणसं बसलेली असतात.

‘ॲम्पला फ्यूज आहे की,’ असं उत्तर मिळतं. अहो, तो ॲम्पसाठी. वायर वाचवायला फ्यूज बॅटरीजवळच लागतो, पॉझिटिव्हपासून फार तर दीड फुटाच्या आत, आणि वायरला झेपेल तेवढ्याच अँपिअरचा. सारखा जातो म्हणून तिथे मोठ्या आकड्याचा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालणं म्हणजे आगीला आमंत्रण आहे. वायरही तपासून घ्यावी. स्वस्त किटमध्ये ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली वायर असते. ब्लेडने खरवडली की आतून पांढरी निघते. तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या मानाने ती खूपच कमी करंट वाहते, म्हणून तीच घ्यायची तर जास्त जाड घ्यायला हवी.

कंपनीच्या टेपचं म्हणाल तर त्याला मागे आरसीए पिना (ॲम्पला सिग्नल देणारी सॉकेटं) सहसा नसतात. मग सिग्नल स्पीकरच्या वायरीतून घ्यावा लागतो. ॲम्पला हाय लेव्हल इनपुट असेल तर थेट, नसेल तर मध्ये कन्व्हर्टर लावून. इथे मोठं नुकसान होऊ शकतं. हल्लीच्या टेपमध्ये स्पीकरच्या दोन्ही वायरींवर साधारण सहा-सहा व्होल्ट उभे असतात. मायनस म्हणजे अर्थच, असं समजून त्यातली एक बॉडीला जोडली तर टेपमधला आवाजाचा आयसी (चिप) जळू शकतो, आणि आजचा टेप म्हणजे कॅमेऱ्यासकट सगळी स्क्रीन! म्हणून मूळ वायर कापण्याऐवजी त्या गाडीचा कपलर (वायरी न कापता अडकवायचा जोड) मागवून जोडणी करावी.

वूफर मुका झाला तर आधी टेपच्या सेटिंगमध्ये फेडर, म्हणजे आवाज पुढच्या-मागच्या स्पीकरमध्ये वाटायची सोय, बघा. सिग्नल मागच्या स्पीकरवरून घेतलेला असतो आणि घरातल्या कोणीतरी आवाज पूर्ण पुढे सरकवलेला असतो. आवाज वाढवला की बास उलट कमी होतो, ही तक्रारही नेहमीची. छोटे स्पीकर फाटू नयेत म्हणून काही कंपन्यांचे टेपच मोठ्या आवाजाला बास कापतात. त्यात ॲम्पचा दोष नसतो. अशा वेळी ॲम्पवरचा गेन पूर्ण फिरवला जातो आणि फाटका आवाज सोसून सोसून वूफरची कॉइल जळते. गेन हा आवाजाचा नॉब नव्हे. टेपच्या सिग्नलशी ॲम्पचा मेळ बसवण्यासाठी तो दिलेला असतो.

रात्रीतून बॅटरी उतरत असेल तर रिमोटची वायर, म्हणजे ॲम्पला चालू-बंद करणारी बारीक वायर, पाहावी. कंपनीच्या टेपला ती बहुधा नसते, म्हणून कोणी कायम चालू लाइनवर जोडून मोकळा होतो. ती किल्लीबरोबर बंद होणाऱ्या फ्यूजवरूनच घ्यायची.

लाल दिव्याची एक तपासणी कोणालाही जमेल. टेप बंद करून वूफरच्या वायरी ॲम्पवरून काढा आणि पुन्हा चालू करा. दिवा गेला तर दोष वूफरमध्ये, त्याच्या वायरीत किंवा जोडणीत. दोन कॉइलचा ४-४ ओहमचा वूफर पॅरलल जोडला की २ ओहम होतो, आणि ते प्रत्येक ॲम्पला पेलत नाही. दिवा तसाच राहिला तर आरसीए काढून बघा. तरीही राहिला, आणि पॉवर-अर्थ नीट आहेत, तर ॲम्पवर संशय घ्या. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४३ च्या पुढे जातो, तेव्हा मॅटखाली दाबलेला ॲम्प नुसत्या उष्णतेनेही बंद पडतो आणि गार झाला की पुन्हा वाजतो. त्याला हवा खेळती लागते.

शहरातल्या ॲक्सेसरीच्या दुकानदारांना माझी एकच विनंती आहे. बिलावर वायरचा गेज (जाडी), फ्यूज किती अँपिअरचा आणि कुठे बसवला, अर्थ कुठे घेतला, सिग्नल कोणत्या वायरीवरून उचलला, एवढं लिहून द्या. दोन ओळींचं काम आहे. उद्या दुसऱ्या मिस्त्रीला गाडी उघडावी लागली तर त्याला अंदाज बांधावा लागणार नाही. गिऱ्हाइकांनीही हे लिहून मिळाल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

ज्यांच्या गाडीत वूफर आधीच बसलेला आहे त्यांनी आज बॉनेट उघडावं. बॅटरीच्या पॉझिटिव्हवरून निघालेली मागाहून टाकलेली जाड वायर शोधावी. दीड फुटात फ्यूज दिसला नाही तर आधी बॅटरीचं निगेटिव्ह काढावं, मग ती वायर सोडवून तिच्या टोकाला इन्सुलेशन टेप गुंडाळावी, त्यानंतरच निगेटिव्ह परत लावावं. फ्यूज बसेपर्यंत वूफर बंदच ठेवावा.

आपला,
एक ऑटो इलेक्ट्रिशियन,
होटगी रोड, सोलापूर